नागमोडी रेषेचा अर्थ

महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत काही शब्दांखाली नागमोडी रेषा ओढलेली आढळते. येथील पाठ निःसंदिग्ध नाही, एवढेच ती सुचविते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेल्या व १९६६ मध्ये पूर्णत्वास नेलेल्या या कार्याची थोरवी सहसा त्याच्या विस्तारावरून मोजली जाते. त्याचे बौद्धिक सत्त्व मात्र या लहानशा खुणेत आहे.

विष्णु सीताराम सुखठणकर यांनी १९२५ मध्ये प्रमुख संपादकपद स्वीकारले, तेव्हा व्यासांची मूळ संहिता आता हाती येईल, अशी अपेक्षा अनेकांनी बाळगणे स्वाभाविक होते. १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत त्यांनी ती नाकारली. सुमारे ६० हस्तलिखिते ताडून जे सिद्ध होते, ते उपलब्ध पुराव्याने गाठता येणारे प्राचीनतम रूप होय. त्यापलीकडे जाण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतला नाही. मूळच सापडले असे मानणाऱ्या संपादकास अखेर स्वतःच्या रुचीचा कौल पुरतो. सुखठणकरांना प्रत्येक शब्दासाठी पोथ्यांची साक्ष काढावी लागली, आणि पोथ्यांच्या शाखांचे परस्परसंबंध या शोधातूनच उलगडत गेले.

या पद्धतीवर आक्षेप आलेच. नीलकंठी पाठ छापून त्याखाली पाठभेद द्यावेत, असे सिल्व्हाँ लेव्ही यांनी सुचविले होते. त्यामागील शंका निराधार नव्हती. सिद्ध झालेली संहिता नेमक्या त्याच रूपात कोणत्याही एका पोथीत आढळत नाही. शिवाय व्यास सांगतात आणि गणेश लिहितो, हा लोकमानसात रुजलेला प्रसंगही मुख्य संहितेतून गेला. श्रद्धाळू वाचकास ही उणीव जाणवली, तर त्यात नवल नाही. परंतु तो प्रसंग परिशिष्टात जपलेला आहे, आणि न स्वीकारलेले पाठ तळटीपांत नोंदलेले आहेत. संपादकाचा निर्णय खोडून काढण्याची साधने संपादकानेच वाचकाच्या स्वाधीन केली आहेत. आदिपर्वाच्या प्रकाशनानंतर नेपाळातील एक प्राचीन पोथी उपलब्ध झाली, तेव्हा तिच्या कसोटीवर आपली संहिता पुन्हा पारखण्यास सुखठणकर स्वतःच पुढे झाले.

१९४३ मध्ये त्यांचे निधन झाले. कार्य पुढे चालले, कारण कोणते प्रश्न सुटलेले नाहीत हे त्यांनी पानोपानी नोंदून ठेवले होते. ज्या शब्दांखाली रेषा नाही, त्यांच्यावर अभ्यासक विश्वास ठेवतो, तो इतरत्र ती प्रामाणिकपणे ओढलेली असल्यामुळेच. आणि जेथे ती आहे, तेथून त्याचे स्वतःचे अध्ययन सुरू होते.