शालिहोत्राच्या पोथ्या : शकुन आणि परीक्षा

अश्वविषयक मुद्रित संस्कृत ग्रंथांपैकीं तीन असे : जयदत्ताचें ‘अश्ववैद्यक’ (संपादक उमेशचंद्र गुप्त, कलकत्ता, १८८६-८७), नकुलाचें ‘अश्वशास्त्र’ (सरस्वती महाल, तंजावर, १९५२) आणि भोजाचें ‘शालिहोत्र’ (संपादक एकनाथ दत्तात्रेय कुलकर्णी, पुणें, १९५३). ह्या संपादकांचे आपण ऋणी आहोंत. परंतु असे ग्रंथ वाचण्याची जी रीत आमच्याकडे पडली आहे ती सदोष आहे, हें दाखविणें हा ह्या टिपणाचा हेतु होय.

भोंवरे, रंग व त्यांचें शुभाशुभ एवढेंच वाचून पोथी ‘शकुन’ ह्या सदरांत टाकण्यांत येते. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तील अश्वलक्षणाचा छोटा अध्याय पाहावा. त्यांत दहा ध्रुव आवर्त सांगितले आहेत; घोड्याच्या गुणदोषांशीं त्यांचा संबंध दाखवितां येत नाहीं. मात्र तेथेंच दंतपरीक्षाहि आहे. सहा शुभ्र दांत म्हणजे शिंगरूं. तेच कषाय झाले म्हणजे दोन वर्षें. पुढें मधले, त्यांच्या शेजारचे व कडेचे दांत पडून पुन्हां उगवले कीं अनुक्रमें तीन, चार व पांच वर्षें. आजचें पशुवैद्यक हे दांत सुमारें २॥, ३॥ व ४॥ वर्षीं बदलतात असें सांगतें. ते पुरते वर येऊन घासूं लागतात तेव्हां संहितेचा आंकडा गांठला जातो. जबडा उघडून पाहिल्यावांचून हें लिहितां येणार नाहीं. पुढें तीन-तीन वर्षांच्या टप्प्यानें काळा, पिवळा, पांढरा असे रंग देत दंतपातापर्यंत नेलेली गणना मात्र तशी टिकत नाहीं. कारण दांतांची झीज चाऱ्यावर व त्यांतील वाळूवर अवलंबून असते. एकाच श्लोकांत निरीक्षण व सांचा शेजारीं नांदतात. ते निराळे करणें हेंच संपादकाचें काम.

गोष्ट केवळ पांडित्याची नाहीं. बावडा, इंदापूर, बारामती ह्या नीरा-भीमेकांठच्या टापूचें नांव मिरविणाऱ्या भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून अलीकडे शासकीय नोंद झाली. अशा वेळीं पोथींतील भोंवऱ्यांवरून तिची प्राचीनता सिद्ध करण्याचा मोह होईल, तो आवरावा. तट्टाचें वय, दाणा, रोग व किंमत ह्यांचा पुरावा पागेच्या याद्यांत व हिशेबांत शोधावा. परशुराम कृष्ण गोडे ह्यांनीं घोड्याच्या खुराकांतील हरभऱ्याचा इतिहास असाच साधार लावला.

संग्राहकांस विनंति एवढीच : सुट्या पानांवरील काढे, मात्रा व समासांतील मोतद्दारांच्या नोंदी क्षुद्र समजून टाकूं नयेत. शकुन सर्व पोथ्यांत सारखेच सांपडतात. प्रदेशाचा घोडा ह्या नोंदींतच ओळखूं येतो.