‘कुंकू’चा शेवट कोणाच्या बाजूचा?

माझ्या आवडत्या कृष्णधवल चित्रपटांत ‘कुंकू’ पहिला. प्रभातचा, 1937 सालचा, व्ही. शांतारामांचा. पण आवडतो म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत, असं थोडंच आहे?

नीरा म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लावलेलं लग्न मानत नाही. घरात राहते, पण बायको होत नाही. शांता आपटे हा नकार नुसत्या नजरेनं उभा करतात. पार्श्वसंगीत नाही, घरातले आवाज तेवढे ऐकू येतात. त्यामुळे तो नकार जास्तच टोचतो.

आता शेवट बघा. काकासाहेबांना चूक उमगते, ते जीव देतात. केशवराव दाते इतकं खरं करतात की आपण रडतो. पण कोणासाठी? त्यांच्यासाठी! नीरेची सुटका हा तिचा हक्क न राहता त्यांचं दान होतं. शिवाय त्या काळात नवरा गेला की बाई सुटते कुठे? ती विधवा होते. चित्रपटाचं नाव आठवा.

तरीही, तिच्या नकाराला हा चित्रपट चूक म्हणत नाही. त्या काळी हे मोठंच धाडस. म्हणून पुन्हा बघाल तेव्हा शेवटी डोळे जरूर पुसा, पण मग नीरेकडे बघा.