रंगाचा विवेक

लग्नाची चित्रफीत असो, गणेशोत्सवातला लघुपट असो, की कुणा हौशी तरुणाने गावच्या जत्रेचे केलेले चित्रण असो. त्याची स्तुती करताना हल्ली एकच शब्द पुरेसा होतो : 'सिनेमॅटिक'. पण या शब्दाने नेमके काय वाखाणले जाते, हे पाहू गेल्यास बहुधा असे आढळते की, सावल्या निळसर-हिरव्या आणि चेहरे नारिंगी, असा एक ठराविक रंगच वाखाणला जात आहे. चित्रातली माणसे कोण होती, ऋतू कोणता होता, प्रहर कोणता होता, याच्याशी त्या रंगाला काही कर्तव्य नसते. हा प्रश्न तंत्रज्ञांचा, असे म्हणून आपण मोकळे होतो. वास्तविक तो अभिरुचीचा प्रश्न आहे आणि काहीसा नीतीचाही आहे.

प्रथम तंत्र समजून घेऊ. आजचे चांगले कॅमेरे 'लॉग' नावाच्या पद्धतीने चित्रण करू शकतात. शास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या दप्तरात जे लॉग टेबल असते, त्यातलाच हा लॉग. अंधाऱ्या खोलीत एक पणती लावली तर खोली उजळते. तीच पणती भर दुपारी अंगणात लावली तर तिचा उजेड पडला की नाही हेही कळत नाही. डोळा प्रकाश जोखतो तो साधारणतः पटीने. कॅमेऱ्यातला संवेदक मात्र बेरजेने मोजतो. त्याच्यापाशी उजेडाच्या ४०९६ पायऱ्या असल्या, तर सर्वांत तेजस्वी दुपटीला त्यांतल्या २०४८ जातात, तिच्या खालच्या दुपटीला १०२४, त्याखालच्या दुपटीला ५१२. थोरल्या भावाने अर्धे शेत घ्यावे, मधल्याने उरलेल्याचे अर्धे घ्यावे, आणि धाकट्याच्या वाट्याला बांधालगतची चिंचोळी पट्टी यावी, तशी ही वाटणी! हा धाकटा भाऊ म्हणजे सावली. लॉग पद्धत प्रत्येक दुपटीला जवळजवळ सारखा वाटा देते. त्यामुळे ढगाची कडा आणि केसांतला काळोख, दोन्ही टिकतात. मात्र चित्र पडद्यावर राखेसारखे करडे आणि मलूल दिसते. या करड्या चित्राला उजेड, अंधार आणि रंग यांचे योग्य माप देणे म्हणजे ग्रेडिंग. आणि ते देणारा तो कलरिस्ट.

काहींना हा सारा खटाटोप लबाडीचा वाटतो. कॅमेऱ्याने जे पाहिले तेच दाखवावे, असे त्यांचे म्हणणे. परंतु ते करडे चित्र म्हणजे तरी कुठे सत्य? जग तसे कोणत्याच डोळ्याला दिसत नाही. लॉग चित्र हा राखून ठेवलेला निकाल आहे. तो कोणीतरी, केव्हातरी द्यावाच लागतो. प्रश्न एवढाच उरतो, की तो साक्षीपुरावा पाहून द्यायचा, की छापील नमुन्यावर सही करून.

साक्षीपुरावा पाहून दिलेल्या निकालाचे एक उत्तम उदाहरण म्हणजे कोएन बंधूंचा २००० सालचा 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' हा चित्रपट. कथा १९३० नंतरच्या मंदीच्या काळातली, मिसिसिपी राज्यातली. सर्वत्र धूळ आणि वाळके गवत हवे होते. पण चित्रीकरण झाले ते उन्हाळ्यात, आणि तिथला उन्हाळा म्हणजे हिरवागार. छायालेखक रॉजर डीकिन्स यांनी संपूर्ण फिल्म संगणकात घेतली आणि पानापानांतला हिरवा काढून तिथे वाळलेला पिवळा आणला. अवघ्या चित्रपटाचे ग्रेडिंग अशा रीतीने संगणकावर करणाऱ्या अगदी पहिल्या चित्रपटांत त्याची गणना होते. त्यातला पिवळा शोभेसाठी आलेला नाही. तुरुंगातून पळालेल्या त्या तिघांच्या घशाला पडलेली कोरड आपल्याला जाणवावी, म्हणून तो आला आहे.

याहून हृद्य उदाहरण बॅरी जेन्किन्स यांच्या २०१६ सालच्या 'मूनलाइट'चे. मायामीतल्या एका कृष्णवर्णीय मुलाचे बालपण, पौगंड आणि तारुण्य असे त्याचे तीन भाग आहेत. छायालेखक जेम्स लॅक्स्टन आणि कलरिस्ट ॲलेक्स बिकेल यांनी या तीन भागांना फुजी, अॅग्फा आणि कोडॅक अशा तीन वेगवेगळ्या फिल्मांच्या वळणाचे रंग दिले. मुलगा वाढतो तसे त्याच्याभोवतीचे जग रंग पालटते. आणि या पालटात त्याची काळी कातडी कुठेही उजळवलेली नाही. तिच्यावर निळा, जांभळा प्रकाश पडू दिला आहे, आणि ती तेजाने चमकते आहे.

याचे मोल कळायचे, तर मागचा इतिहास आठवावा लागेल. विसाव्या शतकात कित्येक वर्षे छायाचित्रांच्या प्रयोगशाळांतून रंग जुळवण्यासाठी कोडॅकचे एक नमुनापत्र वापरले जाई, आणि त्यावर एका गोऱ्या स्त्रीचे चित्र असे. तिचा वर्ण बरोबर उमटला म्हणजे रंग बरोबर! सावळ्या माणसाचे काय होते, हे कुणी पाहत नसे. पुढे अनेक वर्णांच्या माणसांची नमुनापत्रे निघाली. तो पक्षपात मात्र आता आपण हौसेने घरी आणला आहे.

लट नावाची तयार रंगकोष्टके आज बाजारात विकत मिळतात, फुकटही मिळतात. करड्या चित्रावर ती बसवली की क्षणात 'सिनेमा' होतो. कोष्टक मुळात वाईट नाही. कामाचा आरंभ म्हणून ते उपयोगीच पडते. पण निबंधाच्या वहीत दर सूर्योदय 'विलोभनीय' आणि दर खेडे 'निसर्गरम्य' असते, तेव्हा मास्तराला कळते की मुलाने सूर्योदय पाहिलेला नाही, गाईड पाहिले आहे. तयार कोष्टकाच्या रंगाचे तसेच होते. एका लग्नाच्या चित्रफितीत सावळी वधू इतकी उजळवलेली मी पाहिली, की तिची आजी पडद्याकडे पाहून हळूच म्हणाली, "सगळं छान आहे गं, पण ही आमची नव्हे." त्या मुलीच्या हळदीचा पिवळाही त्या गोरेपणात वाहून गेला होता. समीक्षेचे दहा परिच्छेद जे सांगतील, ते त्या माउलीने एका वाक्यात सांगितले.

गंमत अशी, की यंत्र या बाबतीत आपल्यापेक्षा समदर्शी आहे. रंगछटा मोजण्याचे व्हेक्टरस्कोप नावाचे जे साधन कलरिस्टपुढे असते, त्यावर गोऱ्या, गव्हाळ आणि काळ्या अशा सर्व माणसांची कातडी साधारणतः एकाच रेषेच्या आसपास पडते. माणसांत फरक असतो तो मुख्यतः उजेडाचा आणि रंगाच्या गडदपणाचा. म्हणजे सावळा चेहरा सुंदर दिसण्यासाठी त्याला गोरे करण्याची गरज कधीच नसते. त्याच्यावर योग्य प्रकाश पाडावा आणि पुढे त्याच्या सावलीतले बारकावे जपावेत, एवढे पुरे असते. लॉगने धाकट्या भावाला मिळवून दिलेला वाटा आपण पुन्हा थोरल्याच्या पदरात घालू नये, हाच याचा अर्थ.

आपल्याकडे हे भान असलेली माणसे नाहीत असे नव्हे. अविनाश अरुण यांचा 'किल्ला' पाहावा. वडील गेलेले, आईची बदली झालेली, आणि कोकणातल्या एका परक्या गावात येऊन पडलेला तो मुलगा. तिथला पाऊस पर्यटनाच्या भित्तिपत्रकावरचा नाही. तो ओला, करडा, शेवाळी आहे, त्या मुलाच्या मनासारखा. तिथे कुणी नारिंगी ऊन ओतले असते, तर मुलाचे दुःखच खोटे पडले असते.

तेव्हा या दिवाळीत घरोघरी चित्रफिती निघतील, त्यांना कुणी 'सिनेमॅटिक' म्हणेल, त्या वेळी वाचकांनी एक साधा प्रश्न विचारून पाहावा : हा रंग कुणाचा? त्या संध्याकाळचा, त्या माणसांचा, की विकत आणलेल्या कोष्टकाचा? कंदिलाचा तांबूस उजेड आजीच्या सुरकुत्यांवर पडला असेल, तर त्या सुरकुत्या आणि तो उजेड, दोन्ही पडद्यावर यावीत. नातवंडे पुढे ती चित्रफीत पाहतील, तेव्हा त्यांना आजी भेटली पाहिजे.