पर्ल हार्बर : संकेत आणि सेनापती

७ डिसेंबर १९४१ च्या पर्ल हार्बरवरील हल्ल्याची मीमांसा करताना रॉबर्टा वोलस्टेटर यांनी १९६२ च्या ग्रंथात असे प्रतिपादिले की, खरे संकेत निरर्थक वार्तांच्या कोलाहलात बुडाले. वॉशिंग्टनपुरते हे ग्राह्य होय. परंतु बंदराचे पाच विभाग पाडून तेथील युद्धनौकांची माहिती होनोलुलूकडून मागविणारा टोकियोचा संदेश ऑक्टोबरमध्येच वॉशिंग्टनला उलगडला असता तो अॅडमिरल किमेल यांस कळविलाच गेला नाही. जे कानी पडलेच नाही, ते कोलाहलात बुडाले कसे म्हणावे? तथापि एवढ्याने किमेल निर्दोष ठरत नाहीत. २७ नोव्हेंबरचा युद्धाचा इशारा त्यांच्या हाती होता. त्यात हवाईचा उल्लेख नव्हता, हे खरे. २ डिसेंबरला लेटन यांनी प्रमुख जपानी विमानवाहू नौकांचा ठाव लागत नसल्याचे सांगितले. हे अज्ञानच मोठा संकेत होते. टेहळणी विमाने अपुरी होती खरी. पण हल्ल्याच्या सकाळी ओआहूच्या उत्तरेस त्यांपैकी एकही नव्हते.