बंद केलेले ज्ञान आणि समतेची थकबाकी

जुनी व्याख्याने, जुनी टिपणे, जुने पाठ जपून ठेवणे हे ग्रंथपालाचे किंवा तंत्रज्ञाचे काम आहे, अशी आपली समजूत करून देण्यात आली आहे. वस्तुतः काय जपायचे आणि कोणासाठी जपायचे, हा सत्तेचा प्रश्न आहे. अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१७ मध्ये जे केले, ते या दृष्टीने तपासले पाहिजे.

या विद्यापीठाने वर्गातील व्याख्याने ध्वनिमुद्रित आणि चित्रित करून अनेक वर्षे इंटरनेटवर मोफत दिली. परंतु त्यांतील कितीतरी व्याख्यानांत बोललेले शब्द पडद्यावर अक्षरांत उमटत नव्हते. कर्णबधिरांच्या गॅलोडेट विद्यापीठातील दोघा कर्मचाऱ्यांनी तक्रार केली. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने कायद्याचा भंग झाल्याचा निष्कर्ष दिला. विद्यापीठाने खर्चाचे कारण पुढे केले आणि मार्च २०१७ पासून वीस हजारांहून अधिक ध्वनिफिती व चित्रफिती जनतेसाठी बंद केल्या. विद्यापीठाच्या आतल्यांना मात्र त्या खुल्याच राहिल्या. बाहेर अनेकांनी दोष दिला तो तक्रारदारांना!

हा न्याय आपल्या परिचयाचा आहे. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. १९२७ च्या मार्चमध्ये माणसे खरोखर पाण्याला उतरली, तेव्हा ऑगस्टमध्ये तोच ठराव मागे घेतला गेला. अमेरिकेतच व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड परगण्याने काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शेजारी बसवण्याऐवजी १९५९ ते १९६४ सार्वजनिक शाळाच बंद ठेवल्या; गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाल्या. बर्कलेचा हेतू यांच्यासारखा होता, असे मी म्हणत नाही. परिणामाची रीत मात्र तीच: समान वाटा मागितला की दरवाजा लावायचा, आतल्यांची सोय तेवढी राखायची.

खर्च खोटा नव्हता. पण तो आला कोठून? पहिल्या दिवसापासून ज्यांना मोजलेच नाही, त्यांची ती थकबाकी होती. वगळण्याची थकबाकी साठली की तिला ‘न परवडणारी समता’ असे नाव मिळते.

ही व्याख्याने एलबीआरवाय नावाच्या कंपनीने उतरवून घेतली. सामग्री वाचली, हे बरेच झाले. पण तिच्यातील भेद मिटला नाही. पुढे ती कंपनीही बंद पडली. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्याय खात्याशी झालेल्या तडजोडीत विद्यापीठाने आपले ऑनलाइन साहित्य अपंगांना वापरता येईल असे करण्याचे मान्य केले. म्हणजे जे अशक्य म्हटले होते, ते शक्यच होते.

यात आपला संबंध काय? मराठवाड्यातून आलेला, घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेला विद्यार्थी अमेरिकी उच्चारांतले व्याख्यान ऐकतो, तेव्हा अर्धे शब्द त्याच्या हातून निसटतात. पडद्यावर अक्षरे असली तर तो थांबून वाचतो, शब्दकोश पाहतो, मराठीत उतरवून मित्राला देतो. कर्णबधिरांनी मागितलेला हक्क त्याच्याही कामाचा आहे. वंचितांची मागणी सर्वांचे ज्ञान वाढवते, ती अशी.

२०२० च्या टाळेबंदीत आपल्या प्राध्यापकांनीही व्याख्याने मुद्रित केली. आज ती कोठे आहेत? कोणाच्या मोबाइलमध्ये, कोणाच्या खाजगी खात्यात? ती गोळा करताना तीन अटी घातल्या पाहिजेत: प्रत्येक व्याख्यानाचा लिखित पाठ हवा, तो मराठीत हवा, आणि साध्या मोबाइलवर उतरवून घेता यावा. हे काम सुरुवातीलाच केले तर थकबाकी साठत नाही.

जे सर्वांना उघडत नाही, ते जपलेले ज्ञान नव्हे; ती राखलेली मालमत्ता आहे. आपल्याला कोणाच्या मालमत्तेची राखण करायची नाही.