दृक्‌प्रत्ययवाद : चित्रकलेतून संगीतात गेलेली एक संज्ञा

प्रस्तावना

एका कलेत जन्मलेली संज्ञा दुसऱ्या कलेला लावली जाते, तेव्हा तिच्याबरोबर तिचे मूळ संदर्भही येतात. ‘इम्प्रेशनिझम’ या संज्ञेसाठी मराठीत ‘दृक्‌प्रत्ययवाद’ हा शब्द रूढ आहे. चित्रकलेपुरता तो नेमका आहे, कारण डोळ्यांना येणारा तत्क्षणीचा प्रत्यय हाच त्या चळवळीचा गाभा होता. मात्र क्लोद देब्यूसी (१८६२–१९१८) याच्या संगीताला हीच संज्ञा लावली की शब्दातील ‘दृक्’ हा घटक अडचणीचा ठरतो. फ्रेंच शब्दात झाकून राहणारा प्रश्न मराठी पर्यायामुळे उघड होतो. मॉने आणि देब्यूसी ही नावे एकाच चळवळीच्या दोन शाखा म्हणून सर्रास जोडली जातात. या जोडणीत तथ्य किती आणि सवय किती, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चित्रकलेतील क्रांती

१५ एप्रिल १८७४ रोजी पॅरिस येथे छायाचित्रकार नादार याच्या पूर्वीच्या स्टुडिओत सुमारे तीस कलावंतांचे एक प्रदर्शन सुरू झाले. मॉने, रन्वार, पिसारो, दगा, सेझान आणि बर्थ मोरिझो यांचा त्यात समावेश होता. ‘सालों’ या अधिकृत प्रदर्शनाच्या निवड समितीला वगळून हा उपक्रम योजण्यात आला होता. मॉनेच्या, ल हाव्र बंदरातील सूर्योदय दाखविणाऱ्या चित्राच्या शीर्षकात ‘इम्प्रेशन’ हा शब्द होता. तो हाताशी धरून लुई लरॉय या समीक्षकाने संपूर्ण गटाची टिंगल केली आणि उपहासातून आलेले ते नाव पुढे रूढ झाले. १८८६ पर्यंत अशी आठ प्रदर्शने भरली.

या चळवळीमागे काही भौतिक व वैज्ञानिक कारणेही होती. १८४१ मध्ये धातूच्या नळीत भरलेले तैलरंग अस्तित्वात आले आणि उघड्यावर बसून रंगकाम करणे सुकर झाले. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांचे रूप कसे पालटतात, याचे विवेचन शव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मधील ग्रंथात केले होते. सावली केवळ काळी नसते, तिच्यातही रंग असतो, हे निरीक्षण या चित्रकारांनी कॅनव्हासवर उतरविले. रंग पॅलेटवर घोटून एकजीव करण्याऐवजी त्यांचे सुटे फटकारे शेजारी शेजारी मांडले गेले आणि वस्तूची बाह्यरेषा विरघळू लागली.

मॉनेची गवताच्या गंजींची मालिका (१८९०–९१) याचे उत्तम उदाहरण होय. गंजी त्याच, पण पहाट, संध्याकाळ, धुके आणि बर्फ यांनुसार प्रत्येक चित्र निराळे. वस्तू येथे निमित्त ठरते. वस्तू आणि डोळा यांच्यामधील प्रकाश हाच विषय बनतो. रंगाला रेषेच्या अधीनतेतून मिळालेली ही मुक्ती पुढील चित्रकलेला मार्गदर्शक ठरली. सराने रंगविभाजनाला शास्त्रीय शिस्त दिली, तर व्हॅन गॉगने सुट्या फटकाऱ्याला भावनेचे वाहन बनविले.

संगीताकडे संक्रमण

संगीताच्या क्षेत्रातही ही संज्ञा दूषण म्हणूनच अवतरली. रोम येथील शिष्यवृत्तीच्या काळात देब्यूसीने पाठविलेल्या ‘प्रँतां’ या रचनेवर पॅरिसच्या कला अकादमीने १८८७ मध्ये अभिप्राय दिला. त्यात संदिग्ध इम्प्रेशनिझमपासून सावध राहण्याचा इशारा होता. आज ज्या रचनांसाठी हे विशेषण वापरले जाते, त्यांपैकी प्रमुख रचना तोवर लिहिल्याच गेल्या नव्हत्या, ही बाब लक्षणीय आहे. म्हणजे नाव आधी आले आणि त्या नावाने ओळखले जाणारे संगीत नंतर.

तरीही साम्याचा मुद्दा निराधार नाही. पाश्चात्त्य संगीतातील रूढ स्वरसंवादात प्रत्येक कॉर्डला व्याकरणातील पदासारखे कार्य असते. एक कॉर्ड ताण निर्माण करते, दुसरी तो सोडविते. देब्यूसीने कॉर्डला या कर्तव्यातून मोकळे केले आणि ती तिच्या नादासाठी वापरली. सर्व स्वरांत सारखेच पूर्णस्वराचे अंतर असलेली श्रेणी त्याने योजली. अशा श्रेणीत कोणताच स्वर मुक्कामाचा वाटत नाही. १८८९ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात ऐकलेल्या जावा बेटावरील गॅमेलन वादनानेही त्याला नादाची निराळी व्यवस्था दाखविली.

२२ डिसेंबर १८९४ रोजी प्रथम सादर झालेल्या ‘प्रेल्यूड टू द आफ्टरनून ऑफ अ फॉन’ या रचनेत हे साम्य प्रत्यक्ष ऐकू येते. आरंभी बासरीची धून एकटीच, साथीविना येते. पुढील काही आवर्तनांत तीच धून त्याच स्वरावरून सुरू होते, मात्र तिच्याखालील स्वरसंवाद प्रत्येक वेळी बदललेला असतो. मॉनेच्या गंजींवर प्रकाश बदलावा, तसा हा बदल आहे. रेषेकडून रंगाकडे आणि व्याकरणाकडून नादाकडे झालेला हा प्रवास समांतर आहे.

भेदाची स्थळे

साम्य तंत्रात आहे. प्रेरणेत मात्र मूलभूत अंतर आहे. मॉनेने अनेक चित्रे पुढे स्टुडिओत पुरी केली असली, तरी त्याचा आरंभ दृश्यासमोर उभे राहून होत असे. देब्यूसीने ‘ला मेर’ (प्रथम सादरीकरण १९०५) या सागरविषयक रचनेचा आरंभ १९०३ मध्ये समुद्रापासून दूर, बर्गंडी प्रांतात केला. प्रत्यक्ष समुद्रापेक्षा त्याच्या आठवणी अधिक मोलाच्या वाटतात, अशा आशयाचे पत्रही त्याने लिहिले. येथे प्रत्यय नेत्रांचा नसून स्मृतीचा आहे.

दुसरे असे, की देब्यूसीचे निकटचे नाते प्रतीकवादी साहित्याशी होते. ‘फॉन’मागे मालार्मेची कविता आहे, तर १९०२ च्या ‘पेलेआस ए मेलिझांद’ या ऑपेरामागे मेटरलिंकचे नाटक. ‘नॉक्टर्न्स’ हे शीर्षक व्हिसलर या चित्रकाराच्या चित्रमालिकेशी जोडले जाते. परंतु व्हिसलरने तो शब्द मुळात संगीतातूनच उचलला होता. प्रभाव एकाच दिशेने वाहिला नाही, हे यावरून दिसते.

देब्यूसीला स्वतःला हे विशेषण मान्य नव्हते. १९०८ मधील पत्रात त्याने ते वापरणाऱ्यांविषयी तीव्र नापसंती दर्शविली. पियानोसाठी लिहिलेल्या ‘प्रेल्यूड्स’च्या दोन्ही खंडांत (१९१० व १९१३) त्याने शीर्षके रचनांच्या शेवटी छापून घेतली. आधी नाद, मग नाव, असा क्रम त्यातून सूचित होतो.

निष्कर्ष

संगीताच्या संदर्भात ‘दृक्‌प्रत्ययवाद’ ही संज्ञा सर्वस्वी त्याज्य ठरत नाही. तिचे क्षेत्र मर्यादित करणे मात्र आवश्यक आहे. नादाला कार्यात्मक स्वरसंवादापासून मिळालेली मोकळीक, एवढ्या अर्थाने ती उपयुक्त आहे. पाणी, ढग, वारा यांची शीर्षके पाहून ती लावणे अयोग्य होय. अध्यापनाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. चित्र दाखवून मग संगीत ऐकविले, तर विद्यार्थी संगीतात समुद्राचे चित्र शोधू लागतो आणि बदलणारा स्वरसंवाद त्याच्या कानांतून निसटतो. बासरीची धून आधी ऐकवावी, तिच्याखाली काय बदलले ते विचारावे आणि त्यानंतर गंजींची चित्रे समोर ठेवावीत. या क्रमाने दोन्ही कलांमधील नाते विद्यार्थ्याला स्वतःच्या अनुभवातून पडताळता येईल.