खंडानंतरची पहिली धाव

पतंगबग्गी चालवणारा माणूस रोजच्या सरावातला असेल, तर त्याचं कसब नजरेला सापडत नाही. सगळं इतकं सहज चाललेलं असतं की आपल्याला फक्त वेग दिसतो. काही वर्षांच्या खंडानंतर परतलेला माणूस मात्र बघत राहावा. हात अजून बसलेला नसतो, त्यामुळे एरवी क्षणात उरकणारी हालचाल सावकाश, सुटी सुटी दिसते. डेन्मार्कच्या फानो बेटावर, ओहोटीच्या वेळी, अशा एका बाईंची धाव बघायला मिळाली.

आधी गाडी पाहू. तीन चाकं, स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांची चौकट आणि जमिनीला जेमतेम न टेकणारी झुलती बैठक. इंजिन नाही, ब्रेक नाही, हातात सुकाणूही नाही. पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना पायांसाठी खुंट्या असतात. उजवा पाय पुढे रेटला की गाडी डावीकडे वळते. पतंगाने गाडी ओढायची कल्पना जुनी. ब्रिस्टलचे शाळामास्तर जॉर्ज पोकॉक यांनी १८२६ साली तिचं पेटंट घेतलं. (क्रिकेटवेड्यांसाठी: डब्ल्यू. जी. ग्रेस हे त्यांच्या मुलीचे चिरंजीव.) आजची सुटसुटीत बग्गी मात्र न्यूझीलंडच्या ॲशबर्टन गावात पीटर लिन यांनी १९९०च्या सुमारास घडवली. गाडी पूर्णपणे पायांच्या हवाली करायची, म्हणजे दोन्ही हात पतंगाला मोकळे! एवढ्या कमी नळ्यांत एवढी नेमकी कामाची वाटणी क्वचित दिसते.

बाईंच्या गाडीची चौकट जुनी, नळ्यांची चकाकी गेलेली. बेअरिंगं मात्र कोरी करकरीत होती. खारं पाणी आणि बारीक वाळू पहिला घास घेतात तो बेअरिंगांचा. किनाऱ्यावर येण्याआधी घरी कुणीतरी चाकं उघडून बसलं होतं, हे त्या चकचकीत कड्यांवरून कळत होतं.

मग दोऱ्या. या पतंगाला ना उभी काडी, ना कामटी. कापडाचे शेजारीशेजारी शिवलेले कप्पे, पुढून तोंड उघडं, आत वारा भरला की त्याला पंखाचा आकार येतो. डोमिना जाल्बर्ट यांनी १९६४च्या सुमारास काढलेली ही युक्ती. आपल्याकडे पतंगाचं निम्मं नशीब कण्णीवर ठरतं. इथे कण्णीच्याच डझनावारी बारीक दोऱ्या असतात आणि त्या चार मुख्य दोऱ्यांना येऊन मिळतात. पुढच्या दोन ओढीच्या, मागच्या दोन ब्रेकच्या. भार ओढीच्या दोऱ्यांवर, म्हणून त्या वापराने लांबतात. ब्रेकच्या तितक्या लांबत नाहीत. हा फरक वाढला की ब्रेक कायम किंचित ओढलेलाच राहतो आणि चांगला पतंग मागे सरकत जमिनीवर बसतो. अननुभवी माणूस अशा वेळी वाऱ्याला दोष देतो. बाईंनी चारही टोकं वाळूतल्या खुंटीत अडकवली, दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या, चारी फासे एकत्र धरून ताणले. ब्रेकच्या दोऱ्या दोन बोटं आखूड भरल्या. त्यांनी अडकवण्याची गाठ एक घर पुढे सरकवली. पतंग अजून पिशवीतच होता, पण त्या दिवसाचं उड्डाण इथेच दुरुस्त झालं.

वारा ताशी २० किलोमीटरच्या आसपास. बाकीच्यांचे पतंग पाच चौरस मीटरचे. बाईंनी पिशवीतून काढला तीनचा. याला भीती म्हणणाऱ्याने थोडं गणित करावं. वारा ताशी २० आणि गाडी त्याला आडवी ताशी ३० ने धावत असेल, तर पतंगाला लागणारा वारा होतो ३६; तोही बाजूचा न राहता बराचसा समोरून येतो. ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे उभं असताना जाणवते त्याच्या तिपटीहून अधिक. म्हणूनच बग्गी वाऱ्याहून वेगाने पळू शकते आणि म्हणूनच उभ्याउभ्या केलेला अंदाज फसवा ठरतो. खंडानंतर मनगटांना जुनी ओढ आठवत असते, पण पेलवेलच असं नाही. तीनचा पतंग निवडण्यात फार सुसंस्कृत आत्मज्ञान होतं.

उचलताना त्यांनी पतंग थेट डोक्यावर नेला, तिथे ओढ सगळ्यात कमी. दोऱ्या बांधलेल्या दोन्ही मुठी एका हातात घेऊन दुसऱ्या हाताने चौकट धरत बैठकीत शिरल्या. मग पतंग किनाऱ्याच्या अंगाला उतरवला आणि वर-खाली, वर-खाली असा फिरवत गाडीला गती दिली. गाडी धावू लागली की तिच्या धावण्यातूनच वारा वाढतो. आता पतंग फिरवायची गरज नाही, कडेला स्थिर धरला की पुरे. नेमकं इथेच नवखे हात थांबत नाहीत. बाईंचे हात थोडे उशिरा, पण थांबले.

खरी मेजवानी वळणात होती. वाऱ्याच्या दिशेने वळताना गाडी पतंगाकडेच धावते. गाडी वाऱ्याच्याच वेगाने वाऱ्याबरोबर गेली, तर पतंगापुरता वाराच उरत नाही. दोऱ्या ढिल्या पडतात आणि पुढच्या चाकाखाली येतात. उपाय क्रमात आहे: आधी पतंग, मग पाय. पहिल्या वळणाला बाईंनी पतंग डोक्यावर नेला आणि तिथेच ठेवला. गाडी वळली, पण गती सगळी सांडली. दुसऱ्या वळणाला पाय अंमळ घाईत. दोऱ्यांना झोल आला, तो त्यांनी चटकन मुठी मागे खेचून सावरला. तिसऱ्याला पतंग माथा ओलांडून पलीकडे झुकला आणि त्या झुकण्यातच पाय फिरले. मागच्या चाकांनी ओल्या वाळूत एकच अखंड कमान काढली, कुठे घसरल्याची फरफट नाही. पतंगाने गाडीला वळवलं की गाडीने पतंगाला, हे सांगता येऊ नये अशी ती कमान. शेजारून पाचचे पतंग सुसाट गेले. माझी मान तिकडे वळली नाही.

थांबणंही तितकंच देखणं. बग्गीला ब्रेक नसतो, तो पतंगाला असतो. पतंग माथ्यावर, गाडीचं तोंड वाऱ्याकडे, गती आपोआप विरली. उतरून त्यांनी ब्रेकच्या दोऱ्या ओढल्या, पतंग मागच्या कडेवर बसला, मुठी खुंटीत. मग दोरीच्या कडेने चालत जाऊन त्या कडेवर वाळूचे ढीग टाकले.

जून महिन्यात फानोवर दरवर्षी पतंगवाल्यांचा आंतरराष्ट्रीय मेळा भरतो. कधी गेलात तर ओहोटीची वेळ आधी बघून जा, कारण बग्गीला लागते ती भरती ओसरल्यानंतरची टणक ओली वाळू. उभे राहाल ते वारा येतो त्या बाजूला, दोऱ्यांपासून लांब. आणि सर्वांत वेगवान गाडी सोडून सर्वांत लहान पतंग कुणाच्या हातात आहे ते शोधा.